इंडियाना : बास्केटबॉलने घडविलेले राज्य

बास्केटबॉल अमेरिकेत सर्वत्र खेळला जातो. न्यूयॉर्कच्या वस्त्यांत तो आहे, कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांत आहे आणि कोट्यवधी डॉलरच्या व्यावसायिक लीगमध्ये तर आहेच. परंतु एखाद्या राज्याचे सामाजिक जीवन, त्याचे शाळा-शिक्षण, त्यातील वर्णसंघर्ष आणि त्याविषयी लिहिले गेलेले साहित्य या सर्वांवर एकाच खेळाची छाया पडलेली पाहायची असेल, तर मध्यपश्चिमेतील इंडियाना या राज्याकडेच वळावे लागते. मक्याची शेते, छोटी गावे, काही पोलाद आणि मोटारनिर्मितीची शहरे असे हे राज्य. येथील रहिवाशांना ‘हुझियर’ म्हणतात आणि त्यांच्या बास्केटबॉलवेडाला ‘हुझियर हिस्टेरिया’ असे नावच पडले आहे.

या खेळाचा जन्म इंडियानातला नव्हे. कॅनडात जन्मलेले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात तो तयार केला. कडाक्याच्या हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल, पण धक्काबुक्की होणार नाही असा खेळ त्यांना हवा होता. सज्जाच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या बांधल्या, फुटबॉलचा चेंडू घेतला, १३ नियम लिहून भिंतीवर लावले आणि १८ विद्यार्थ्यांना खेळायला उतरविले. सज्जाची उंची दहा फूट होती, म्हणून आजही रिंग दहा फुटांवरच असते. वायएमसीएच्या जाळ्यातून हा खेळ झपाट्याने पसरला आणि १८९०च्या दशकाच्या पूर्वार्धातच इंडियानातील क्रॉफर्ड्सव्हिल या गावी पोहोचला.

गावापेक्षा मोठे क्रीडागृह

इंडियानात तो इतका का रुजला याची कारणे फारशी गूढ नाहीत. फुटबॉलच्या अमेरिकी अवताराला अकरा धट्टीकट्टी मुले आणि बराच सरंजाम लागतो. बास्केटबॉलला पाच जण पुरतात. ज्या गावच्या शाळेत अवघे तीस-चाळीस मुलगे असत, तिलाही संघ उभा करता येई. सुगी आटोपल्यानंतर आणि पेरणीच्या आधी, शेतकऱ्याला सवड असते नेमक्या त्या महिन्यांत याचा हंगाम येतो. धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर रिंग ठोकली की सरावाची सोय झाली. अशा रिंगा इंडियानातील शेतांवर आजही दिसतात.

१९११ मध्ये शालेय संघांची पहिली राज्यस्पर्धा झाली आणि क्रॉफर्ड्सव्हिलच्याच शाळेने ती जिंकली. या स्पर्धेचे एक वैशिष्ट्य पुढील सर्व कथांच्या मुळाशी आहे. तिच्यात शाळांचे लहान-मोठे असे गट नव्हते. शंभर विद्यार्थ्यांची शाळा आणि दोन हजार विद्यार्थ्यांची शाळा एकाच सोडतीत असत आणि शेवटी संपूर्ण राज्याचा एकच विजेता ठरे. १९२०, १९२१ आणि १९२२ अशी सलग तीन वर्षे फ्रँकलिन या छोट्या गावच्या शाळेने हा मान मिळविला. १९२५ मध्ये स्वतः नेस्मिथ राज्यस्पर्धेची अंतिम फेरी पाहण्यास आले. हजारोंची गर्दी पाहून थक्क झालेल्या या जनकाने पुढे असे लिहून ठेवले की, बास्केटबॉलचा खरा उगम इंडियानातच झाला म्हणायला हवे.

क्रीडागृहे बांधण्याची तर गावागावांत चढाओढ लागली. मार्टिन्सव्हिल येथे १९२४ मध्ये उभारलेल्या क्रीडागृहात त्या वेळच्या गावाच्या लोकसंख्येहून अधिक आसने होती. १९५९ मध्ये उघडलेले न्यू कॅसल येथील शालेय क्रीडागृह नऊ हजारांहून अधिक प्रेक्षकांचे होते आणि जगातील सर्वांत मोठे शालेय क्रीडागृह म्हणून ते ओळखले जाते. राजधानी इंडियानापोलिसमध्ये बटलर विद्यापीठाचे फील्डहाऊस १९२८ मध्ये बांधले गेले, त्याची क्षमता १५ हजार होती. पुढे त्याला टोनी हिंकल या प्रशिक्षकांचे नाव देण्यात आले. बास्केटबॉलचा चेंडू नारिंगी दिसतो तो या हिंकल यांच्यामुळेच. पूर्वीचा गडद तपकिरी चेंडू प्रेक्षकांना व खेळाडूंना नीट दिसत नसे, म्हणून १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नारिंगी चेंडूचा आग्रह धरला.

या वेडाची नोंद समाजशास्त्रानेही घेतली. रॉबर्ट आणि हेलन लिंड या दाम्पत्याने अमेरिकेतील एका सर्वसाधारण शहराच्या जीवनाचा अभ्यास करून १९२९ मध्ये ‘मिडलटाउन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे शहर म्हणजे इंडियानातील मन्सी. शाळेच्या बास्केटबॉल संघाभोवती नागरिकांची निष्ठा कशी एकवटते, वर्ग आणि पंथ यांनी विभागलेले लोक त्या एका गोष्टीपुरते कसे एकत्र येतात, याची निरीक्षणे त्यात आहेत. समाजशास्त्राचा अभिजात ग्रंथ मानल्या गेलेल्या पुस्तकात शालेय खेळाला असे स्थान मिळणे विरळाच.

शिक्षक झालेला खेळाडू

मार्टिन्सव्हिलच्या त्याच क्रीडागृहात जॉन वूडन हा शेतकऱ्याचा मुलगा खेळत असे. १९२७ मध्ये त्याच्या शाळेने राज्यविजेतेपद मिळविले. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षी अंतिम सामन्यात पराभव झाला. पुढे पर्ड्यू विद्यापीठात वॉर्ड लॅम्बर्ट हे त्याचे प्रशिक्षक होते. लॅम्बर्ट वाढले ते क्रॉफर्ड्सव्हिलमध्ये. म्हणजे राज्यात खेळ ज्या गावातून शिरला, त्याच गावाची विद्या वूडन यांच्याकडे आली आणि त्यांच्यामार्फत ती कॅलिफोर्नियातील यूसीएलए विद्यापीठात पोहोचली. तेथे १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत वूडन यांच्या संघांनी दहा राष्ट्रीय विजेतेपदे आणि सलग ८८ सामने जिंकले.

आकडे डोळे दिपविणारे आहेत, पण वूडन हे मूळचे इंग्रजीचे शिक्षक होते, हे त्यांच्या पद्धतीत अखेरपर्यंत दिसे. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे कसे घालावेत हे शिकवीत, कारण सुरकुतीमुळे फोड येतो आणि फोड आलेला खेळाडू सरावाला मुकतो. इंडियाना स्टेट येथे असताना, १९४७ मध्ये, त्यांच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. कृष्णवर्णीय खेळाडूंना तेथे मज्जाव होता आणि वूडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. वूडन यांनी निमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी तो नियम उठविण्यात आला, तेव्हा ते वॉकरला घेऊनच गेले. त्यांचा सर्वांत नामवंत शिष्य करीम अब्दुल-जब्बार याने २०१७ मध्ये ‘कोच वूडन अँड मी’ हे पुस्तक लिहिले. गुरूच्या निधनाला तेव्हा जवळजवळ सात वर्षे होत आली होती.

मायलन आणि ॲटक्स

इंडियानातील बास्केटबॉलची सर्वांत प्रसिद्ध कथा मायलन या गावाची आहे. (स्पेलिंग इटलीतील मिलानचेच, उच्चार मात्र गावकऱ्यांचा स्वतःचा.) गावाची लोकसंख्या हजार-अकराशे, शाळेत अवघे १६१ विद्यार्थी. १९५४ च्या स्पर्धेत साडेसातशे शाळांमधून हा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. समोर मन्सी सेंट्रल ही सुमारे दहापट मोठी आणि पूर्वी चार वेळा विजेती ठरलेली शाळा. मायलनचे प्रशिक्षक मार्विन वुड पंचविशीतले. ते बटलर विद्यापीठात हिंकल यांच्याच हाताखाली खेळलेले होते.

चौथ्या सत्रात संघ २६-२८ असा पिछाडीवर असताना बॉबी प्लम्प याने चेंडू हातात धरला आणि तो चार मिनिटांहून अधिक काळ नुसता उभा राहिला. ठरावीक सेकंदांत चेंडू फेकण्याचे बंधन तेव्हा नव्हते. मागे असलेल्या संघाने वेळ घालवावा हे तर्काला धरून नव्हे, पण प्रतिस्पर्ध्याची लय मोडून सामना शेवटच्या क्षणांपर्यंत खेचायचा हा वुड यांचा डाव होता. बरोबरी झाली, आघाडी आली, पुन्हा ३०-३० झाले आणि अखेरच्या काही सेकंदांत प्लम्पने उडी घेऊन चेंडू टाकला. ३२-३०. दुसऱ्या दिवशी संघ परतला तेव्हा त्या हजार वस्तीच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हजारो लोक लोटले होते. प्लम्पने पुढे इंडियानापोलिसमध्ये उपाहारगृह काढले, त्याचे नावही ‘प्लम्प्स लास्ट शॉट’.

याच स्पर्धेत, अंतिम फेरीच्या आधीच्या टप्प्यावर, मायलनने इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स हायस्कूलला ६५-५२ असे हरविले होते. पराभूत संघात ऑस्कर रॉबर्टसन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा खेळत होता.

ॲटक्सची कथा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९२०च्या दशकात इंडियानाच्या राजकारणावर कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेची पकड होती. शहरातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना इतर हायस्कूलमधून काढून एकाच शाळेत कोंडण्यासाठी १९२७ मध्ये ही शाळा उघडण्यात आली. १७७० च्या बॉस्टन हत्याकांडात मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय क्रिस्पस ॲटक्सचे नाव तिला मिळाले. हेतू वाईट होता, शाळा मात्र उत्तम निघाली. अन्यत्र दारे बंद असलेले उच्चविद्याविभूषित कृष्णवर्णीय शिक्षक येथे आले. शालेय क्रीडा संघटनेने १९४२ पर्यंत या शाळेला राज्यस्पर्धेत प्रवेश दिला नाही. शाळेचे क्रीडागृह इतके तोकडे होते की संघाला सामने बहुधा बाहेरच खेळावे लागत.

१९५० मध्ये रे क्रो प्रशिक्षक झाले. ते स्वतः शेतावर वाढलेले. त्यांचा धाकटा भाऊ जॉर्ज हा १९३९ मध्ये, हा किताब सुरू झाला त्याच वर्षी, राज्याचा पहिला ‘मिस्टर बास्केटबॉल’ ठरला होता. क्रो यांची शिस्त कडक होती. वर्गात मागे पडलेल्याला संघात जागा नाही, पंचांशी वाद नाही, चिथावणीला उत्तर नाही. त्या काळात कृष्णवर्णीय संघाने पंचांकडे न्याय मागण्यापेक्षा निकाल पंचांच्या हाती राहणारच नाही इतके गुण मिळविणे अधिक शहाणपणाचे होते. सात हंगामांत त्यांच्या संघाने १७९ सामने जिंकले आणि केवळ २० गमावले.

रॉबर्टसन कुटुंब टेनेसीतून इंडियानापोलिसला आलेले, परिस्थिती ओढगस्तीची. चेंडू विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून लहानग्या ऑस्करने टेनिसचे चेंडू आणि रबरबँडने बांधलेल्या चिंध्या पीचच्या टोपलीत टाकत सराव केला, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. १९५५ च्या अंतिम सामन्यात ॲटक्सने गॅरी रूझवेल्ट या शाळेला ९७-७४ असे नमविले. ती शाळाही कृष्णवर्णीयांचीच होती. सर्वांसाठी खुल्या राज्यस्पर्धेत संपूर्णपणे कृष्णवर्णीय शाळेने विजेतेपद मिळविण्याची देशातील ही पहिलीच वेळ. इंडियानापोलिस शहरालाही हे विजेतेपद तोवर कधी मिळाले नव्हते. पुढच्या वर्षी ॲटक्सने ३१ पैकी ३१ सामने जिंकून ते राखले. असा अपराजित विजेता राज्याने त्याआधी पाहिला नव्हता.

१९५५ च्या त्या रात्री जे घडले ते मात्र रॉबर्टसन कधीच विसरला नाही. शहराच्या मध्यवर्ती मॉन्युमेंट सर्कल चौकात विजेत्यांचा जल्लोष करण्याची प्रथा होती. ॲटक्सच्या संघाला अग्निशमन दलाच्या गाडीवरून चौकात आणले गेले, एक फेरी मारली गेली आणि गाडी तशीच कृष्णवर्णीय वस्तीतील नॉर्थवेस्टर्न पार्ककडे वळविण्यात आली. दंगल होईल, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटली होती. शहराला पहिले विजेतेपद मिळवून देणाऱ्या मुलांना शहराच्या मध्यभागी थांबू दिले गेले नाही. शेकोटीभोवती जल्लोष चालू असताना सोळा वर्षांचा ऑस्कर तेथून निघून वडिलांच्या घरी गेला. ‘द बिग ओ’ या २००३ च्या आत्मचरित्रात त्याने ही जखम उघडपणे मांडली आहे.

रॉबर्टसन पुढे १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक विजेत्या संघात होता. १९६१-६२ च्या हंगामात गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींची सरासरी दोन आकड्यांत राखण्याचा विक्रम त्याने केला. खेळाडूंवरील त्याचा सर्वांत दूरगामी प्रभाव मात्र मैदानाबाहेरचा आहे. खेळाडू संघटनेचा अध्यक्ष म्हणून त्याने १९७० मध्ये एनबीएविरुद्ध खटला भरला. १९७६ मध्ये झालेल्या तडजोडीने खेळाडूला संघमालकाशी जन्मभर बांधून ठेवणारी व्यवस्था मोडीत निघण्यास सुरुवात झाली. आजचे खेळाडू करार संपल्यावर हव्या त्या संघात जातात, त्यामागे हा खटला आहे.

१९८६ : एक चित्रपट, दोन पुस्तके

मायलनच्या विजयावरून स्फुरलेला ‘हुझियर्स’ हा चित्रपट १९८६ मध्ये आला. लेखक अँजेलो पिझो आणि दिग्दर्शक डेव्हिड ॲन्सपॉ हे दोघेही इंडियानाचेच. जीन हॅकमन यांनी प्रशिक्षकाची भूमिका केली, अंतिम सामन्याचे चित्रीकरण खुद्द हिंकल फील्डहाऊसमध्ये झाले आणि क्रीडापटांत या चित्रपटाचे नाव आजही अग्रक्रमाने घेतले जाते. चित्रपट उत्तम आहे, यात वाद नाही. पण त्यात एक तपशील असा आहे की तो कळल्यावर शेवटचा प्रसंग पूर्वीसारखा पाहता येत नाही. गावच्या मुलांकडून हरणाऱ्या शहरी संघाच्या प्रशिक्षकाच्या भूमिकेत बाकावर बसलेले गृहस्थ म्हणजे रे क्रो. वास्तवात लागोपाठ दोन वर्षे राज्य जिंकणारा माणूस पडद्यावर पराभूत म्हणून उरला. ॲटक्सची कथा सांगणारा तितका गाजलेला चित्रपट झालेला नाही. फिलिप हूस यांनी १९८६ मध्येच राज्याच्या बास्केटबॉलवेडावर पुस्तक लिहिले होते. त्यांनीच २०१८ मध्ये ‘ॲटक्स!’ हे किशोरवाचकांसाठीचे पुस्तक लिहून ही उणीव काही अंशी भरून काढली. त्याआधी, २०१५ मध्ये, १९५५ च्या संघातील हयात खेळाडूंना इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध मोटारशर्यतीनिमित्त निघणाऱ्या मिरवणुकीचे अग्रणी करण्यात आले. साठ वर्षांनी.

चित्रपटाच्याच वर्षी जॉन फाइनस्टाइन यांचे ‘अ सीझन ऑन द ब्रिंक’ हे पुस्तक आले. इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांच्यासोबत एक संपूर्ण हंगाम काढून या पत्रकाराने ते लिहिले. नाइट यांनी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली, त्यांचा १९७६ चा संघ तर ३२ सामन्यांत अपराजित राहिला. पण शिव्या, संताप, १९८५ मध्ये चालू सामन्यात मैदानात भिरकावलेली खुर्ची हेही नाइटच. प्रशिक्षकाची कठोरता कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो, हा प्रश्न या पुस्तकाने सामान्य वाचकांपर्यंत नेला. सरावातील त्यांचे वर्तन जसेच्या तसे छापले गेल्यामुळे नाइट संतापले आणि पुस्तक धडाधड खपले. विद्यापीठाने अखेर २००० मध्ये त्यांना काढून टाकले. लॅरी बर्ड हा फ्रेंच लिक या गावचा बुजरा मुलगा १९७४ मध्ये याच विद्यापीठात दाखल झाला होता. महिनाभरही न टिकता तो गावी परतला, नगरपालिकेच्या कचरागाडीवर काम करू लागला आणि नंतर इंडियाना स्टेटमार्गे बॉस्टनला जाऊन एनबीएची तीन विजेतेपदे मिळवून बसला.

एका स्पर्धेच्या चार

१९९० च्या शालेय अंतिम सामन्याला ४१ हजारांवर प्रेक्षक होते. शालेय बास्केटबॉल सामन्यासाठी देशात एवढी गर्दी कधीच जमली नव्हती. तरीही सात वर्षांतच ही स्पर्धा जुन्या स्वरूपात संपली. १९५९ च्या कायद्यानंतर छोट्या गावांच्या शाळा एकमेकींत विलीन होत गेल्या होत्या. उरलेल्या लहान शाळांना मोठ्या शहरी शाळांपुढे संधीच नाही, असा युक्तिवाद बळावला. १९९७ मध्ये ब्लूमिंग्टन नॉर्थ ही एकमेव राज्यविजेती ठरलेली शेवटची शाळा. पुढच्या हंगामापासून विद्यार्थीसंख्येनुसार चार गट झाले. मायलनसारख्या विजयाची शक्यताच त्यामुळे संपली, ही तक्रार जुनी मंडळी आजही करतात. १९५४ नंतरच्या चार दशकांत तसे किती वेळा घडले होते, या प्रश्नावर मात्र ती गप्प होतात.

मुलींना या साऱ्यात फार उशिरा स्थान मिळाले. शिक्षणात लिंगभेदास मनाई करणारा कायदा १९७२ चा. मुलींची राज्यस्पर्धा १९७६ मध्ये, म्हणजे मुलांच्या तब्बल ६५ वर्षांनंतर सुरू झाली. वॉर्सा या गावच्या मुलींनी ती जिंकली.

व्यावसायिक संघ ‘इंडियाना पेसर्स’ १९६७ चा. रॉबर्टसनच्या खटल्यातील तडजोडीमुळे दोन लीगच्या एकत्रीकरणाचा मार्ग मोकळा झाला आणि १९७६ मध्ये तो एनबीएत आला. आल्या आल्याच पैसे संपले. १९७७ मध्ये दूरचित्रवाणीवर अखंड कार्यक्रम करून हंगामी तिकिटे विकण्यात आली आणि लोकांनी ती घेऊन संघ वाचविला. हा संघ मुंबईकरांनीही पाहिला आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातील पहिले एनबीए सामने झाले. पेसर्ससमोर होता सॅक्रॅमेंटो किंग्ज, ज्याचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईतच जन्मले. दोन्ही सामने पेसर्सने जिंकले. पहिल्या सामन्याला प्रेक्षक म्हणून बसली होती ती बहुतांशी शाळकरी मुले, सुमारे तीन हजार.